धाकटीमुळे झालेलं भलं

माझा धंदा डोळे करण्याचा. माणसांचे, खोटे. एक डोळा गेला की उरलेल्याकडे बघून मी त्याची हुबेहूब जोडी करून देते, अगदी घरच्यांनाही चटकन कळू नये अशी. त्यातून दिसत काही नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावते. तरी निम्मे लोक मनात वेडी आशा धरून येतात आणि मग माझ्यावर रुसतात. मी काय देव आहे?

दुकान म्हणजे दोन खोल्या, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. पुढच्या खोलीत मोठी खिडकी आणि टेकायची खुर्ची, मागच्या खोलीत भट्टी, पॉलिशचं चाक आणि रंग. खाली डॉक्टरीणबाई. त्या काढतात, मी भरते. वीस वर्षं आमचं असं चाललंय.

फादर जिना चढून आले तेव्हा मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला नाही ओळखलं. अठ्ठ्याहत्तरीचे झाले होते. टक्कल, गुबगुबीत गाल, तोंडभर हसू. पाद्री होऊ घातलेल्या पोरांना त्यांनी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि विषय एकच: देव इतका चांगला आहे तर जगात वाईट का. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. बसच्या रांगेत कुणाच्या तरी छत्रीची काडी घुसली होती. दोन महिने झाले होते. बाईंनी शिवून टाकला होता, पण नजर गेली ती गेलीच.

"काडीसुद्धा त्याच्या इच्छेशिवाय हलत नाही," खुर्चीत टेकता टेकता फादर म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

बाईंनी मला त्यांच्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, आणि चांगल्या चिडून सांगितलं होतं. असा फुटलेला डोळा पंधरा दिवसांच्या आत काढून टाकावा लागतो. राहू दिला तर कधी कधी शरीर त्या डोळ्याला शत्रू समजतं, आणि त्याच्या नादात चांगल्या डोळ्यावरही उठतं. "सुक्याबरोबर ओलंही जळतं," बाई म्हणाल्या. डॉक्टर लोक या दुखण्याला सहानुभूती म्हणतात. काय नाव काढलंय, वा! फादरांनी ऐकलं नव्हतं. आंधळा झाला म्हणून काय झालं, माझाच डोळा आहे, राहू दे, म्हणाले. म्हणून त्या मेलेल्या डोळ्यावर बसेल असं पातळ कवच मी करायचं होतं. "आणि हे बघ," बाईंनी मला बोट दाखवून सांगितलं, "चांगला डोळा लाल दिसला, उजेड सोसेना, जवळचं वाचता येईना, यातलं काहीही वाटलं तर त्याच तासाला खाली पाठव. लगेच औषध सुरू केलं तर वाचतो. उद्यावर टाकायचं नाही."

मी मान डोलावली. वीस वर्षांत असे दोघे मी खाली पाठवले होते. दोघेही आज पेपर वाचतात.

ठसा घेण्यासाठी मी लगदा कालवत होते. फादर माझ्याकडे टक लावून बघत होते. अचानक त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, तू त्या धाकटीची बहीण! थोरली!"

"हो," मी म्हटलं.

"काय गं ही देवाची करणी आणि नारळात पाणी! बघ, बघ जरा. तुझी धाकटी गेली नसती तर तू या धंद्यात आली असतीस का? आणि तू आली नसतीस तर आज माझा डोळा कोण करणार होतं?"

माझ्या हातातला लगदा वाटीतच घट्ट झाला. तो फेकून मला दुसरा कालवावा लागला.

आता धाकटीचं सांगते. मी अकरा वर्षांची होते, ती चार. दिवा लावला की तिच्या डाव्या बाहुलीत पांढरं चमकायचं. आई कौतुकाने म्हणायची, माझी मांजर ती. मग कळलं की ती गाठ आहे. डोळा काढला. याच खोल्यांत तेव्हा एक म्हातारे काका डोळे करायचे. त्यांनी तिला इवलासा डोळा करून दिला. मी तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि काका माझ्या हातात लाल रेशमाचा धागा द्यायचे, एकेक तंतू सोडवायला. पांढऱ्यावर त्या तंतूंच्या शिरा करतात. पोरीचा हात हलका आहे, म्हणायचे. धाकटी त्यानंतर चौदा महिने जगली. गाठ आत डोक्यात गेली होती. शेवटचे पाच आठवडे ती ओरडत होती. रडत नव्हती, ओरडत होती, आवाज बसेपर्यंत, आणि बसल्यावरही तोंड उघडंच. मी उशीत डोकं खुपसून म्हणायचे, मर गं बाई एकदाची. मी म्हणायचे हे, तिची बहीण.

मातीला फादर आले. तेव्हा तरुण होते, केस होते. त्यांनी समजावून सांगितलं की वाईट अशी वस्तूच जगात नसते. भोक ही काही कापडातली वस्तू नाही, कापड नसणं म्हणजे भोक. तसं वाईट म्हणजे चांगल्याचं नसणं. देव वाईट करत नाही. तो ते होऊ देतो, आणि होऊ देतो ते एवढ्याचसाठी, की त्यातून त्याला याहून मोठं भलं काढता येतं. सगळे माना डोलावत होते. आईने मात्र त्यांची बाही धरली आणि विचारलं, "कुठलं भलं, फादर?"

"दिसेल," ते म्हणाले. "शोधत राहा."

आणि माझी आई शोधत राहिली! दोन वर्षं ती भिंतीकडे बघत बसायची. मग मी काकांकडे कामाला लागले, आणि तिला ते सापडलं. मी सापडले. तिथून पुढे घरात कुणी आलं की मला हाक मारून पुढे उभं करायची. "ही थोरली. धाकटी गेली म्हणून ही शिकली. किती लोकांचं भलं करते! फादर म्हणाले होते तसंच झालं." मी केलेला प्रत्येक डोळा तिने धाकटीच्या मरणाच्या समोर नेऊन ठेवला. मरताना माझा हात धरून हेच म्हणाली. मी कधी तिला उलटून बोलले नाही, कारण तेवढ्यावर तर ती जगत होती. पण पस्तीस वर्षं मी कुणाच्या तरी ओरडण्याचं फळ म्हणून जगलेय. डोळा छान झाला, असं कुणी म्हटलं की मी मागच्या खोलीत भट्टीकडे निघून जाते.

असो. दुसऱ्या खेपेला रंगकाम होतं. एवढ्याशा काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, थरावर थर, समोरच्या चांगल्या डोळ्याकडे बघत. आमची नाकाला नाकं लागायची बाकी असतात. कुठल्या नवऱ्यानेही बायकोच्या डोळ्यात इतका वेळ बघितलं नसेल. फादरांचा डोळा तपकिरी, कडेला राखाडी पडलेला, खालच्या बाजूला एक हिरवट ठिपका. सुरेख डोळा. बाहुली गोल, स्वच्छ. ते बोलतच होते.

"तू करतेस तो डोळा आंधळा नाही, बरं का. दगड आंधळा असतो का? बघणं ज्याच्या स्वभावातच नाही, त्याला दिसलं नाही तर त्यात वाईट काय? ज्याने बघायला हवं त्याला दिसेना, तर ते आंधळेपण."

"मग दगडच बसवते की. लवकर होईल काम."

ते पोट धरून हसले. खरं सांगायचं तर माणूस गोड होता. कुणाचं वाकडं चिंतणारा नव्हता. जिन्यात भेटलेल्या कुत्र्याशीसुद्धा 'अहोजाहो' करायचा. म्हणून मी ठरवलं की एकदा विचारून बघू. हातातला ब्रश खाली ठेवला.

"फादर, मला तुमच्याकडून एक वाक्य हवंय. धाकटीचं मरण वाईट होतं. एवढंच म्हणा. पुढे काही नको."

"वाईट होतंच गं, पण..."

"पण नको."

"'पण'शिवाय कसं चालेल, पोरी?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर प्रेमाने थोपटलं. "'पण' काढलंस तर उरतं काय? एक पोर आणि ओरडणं. तेवढंच घेऊन माणूस कसा जगेल? तुझी आई कशी जगली असती?"

मी ब्रश उचलला. त्या दिवशी मला पुढे रंग जमेना. चकती टाकून दिली आणि त्यांना पुन्हा बोलावलं.

तिसऱ्या खेपेला ते सोमवारी आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "खिडकीचा पडदा ओढतेस का जरा? आज ऊन फारच आहे." बाहेर ढग होते. मी पडदा अर्धा ओढला आणि बसले समोर. बुबुळाच्या भोवती पांढऱ्यावर जांभळट लाल कडं आलं होतं. बारीकच, पण सबंध गोल. डोळ्यात पाणी. मी दिव्याचा झोत आणला तर बाहुली आळसावल्यासारखी हलली आणि एका बाजूला अडकली. खिशातलं प्रार्थनेचं पुस्तक काढून त्यांनी मला एक ओळ वाचून दाखवायला घेतली. हात पुढे नेला, आणखी पुढे नेला, मग हसून मिटलं. "अक्षरं हल्ली बुटकी झालीत. आणि हे डास बघ किती, सारखे डोळ्यापुढे नाचतात."

खोलीत एकही डास नव्हता.

खाली जायला अठरा पायऱ्या. बाई बसलेल्या होत्या, त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"फादर, देव वाईट करत नाही, होऊ देतो. या दोन्हींत खरंच एवढा फरक आहे?"

"जमीन-अस्मानाचा!" त्यांना वर्गात असल्यासारखा हुरूप आला. "करणं म्हणजे तेच हवं असणं. होऊ देणं म्हणजे हवं नसणं, तरी न अडवणं, पुढच्या भल्यासाठी."

"आणि माणसाने होऊ दिलं तर? त्याला दिसतंय, अडवता येतंय, आणि तो गप्प बसला?"

"छे छे! माणसाला ती मुभा नाही. देवाला शेवटपर्यंतचं दिसतं, म्हणून तो थांबू शकतो. तुला-मला पुढची पायरी दिसत नाही. आपण धावायचंच." मग त्यांनी डोळा पुसला आणि विचारलं, "हा जरा लाल दिसतो का गं? रात्री वाचत बसलो होतो, जागरणाने असेल."

म्हणजे फादरांनी मला नियम सांगितला, आणि वर सरळ प्रश्नही विचारला. माझ्याकडे कारण म्हणून सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"हं," मी म्हटलं.

नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. खोटं बोलले नाही. 'हं' म्हटलं आणि हिरवट ठिपका रंगवायला घेतला. मी खोटं कशाला सांगू, त्या दिवशी हात असा चालला की विचारू नका. आयुष्यात इतकं सुरेख बुबुळ माझ्या हातून झालं नाही. येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार दिला त्यांना, भट्टीचं काम आहे म्हणून. जिन्यापाशी त्यांचा हात धरून मी त्यांना खाली सोडलं, दवाखान्याच्या दारावरून.

दहा दिवस होते माझ्याकडे. टेलिफोन टेबलावर होता. मंगळवारी बाई जिन्यात भेटल्या. "फादरांचं कसं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हं, चाललंय." रोज सकाळी उठले की वाटायचं, आज सांगू. मग धाकटीचं उघडं तोंड आठवायचं, आणि मी दात घासायला लागायचे. मला त्यांचा डोळा जायला हवा होता का? हो, हवा होता. फादरांचा तो फरक मला करता आला नाही, मी नुसती थांबलेली नव्हते.

गुरुवारी ते आले नाहीत. त्यांची पुतणी त्यांच्याकडे राहून घर बघायची, तिचा फोन आला. फादर सकाळी उठले आणि तिला म्हणाले, दिवा का लावत नाहीस. दिवा लागलेला होता. खाली बाईंनी शर्थ केली. सुया दिल्या, गोळ्या दिल्या, मोठ्या गावचे डॉक्टर बोलावले. तीन आठवड्यांनी सांगितलं की आता काही उरलं नाही. दहा-बारा दिवस आधी आले असते तर, असंही म्हणाल्या. पुतणी फोनवर रडत होती. मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण खरंही किती होतं कुणास ठाऊक.

मग एक दिवस जिन्यावर चार पायांचा आवाज आला. पुतणीने त्यांना खुर्चीत बसवलं. गाल उतरले होते. हनुवटीवर खुंट राहिले होते, दाढी करणाऱ्याला जमली नव्हती. "तू खाली थांब, बाळ," ते पुतणीला म्हणाले. ती गेली. दार लागल्याचा आवाज त्यांनी कान देऊन ऐकला.

"त्या सोमवारी," ते म्हणाले, "तू दोन तास माझ्या डोळ्यात बघत होतीस. बाई सांगतात की तुला खुणा ठाऊक आहेत. आधी दोघांना तूच पाठवलंस म्हणे."

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"हो."

त्यांच्या हाताने खुर्चीचा दांडा चाचपला. "विसरलीस? कामाच्या नादात? होतं गं माणसाचं."

बघा, म्हातारा मला पळायला वाट करून देत होता. मी नाही घेतली.

"विसरले नाही. होऊ दिलं."

"का?"

"त्यातून काय भलं निघतं ते बघायला. तुम्हीच आईला सांगितलं होतंत ना, दिसेल, शोधत राहा? शोधा आता. बसल्या बसल्या शोधा, वेळच वेळ आहे."

असं बोलले मी, एका आंधळ्या म्हाताऱ्याला. जीभ झडली नाही माझी.

थोडा वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मला वाटलं प्रार्थना करताहेत. मग त्यांनी दोन्ही हात असे फिरवले की बाजूचा ट्रे उडाला, रंगाच्या बाटल्या फरशीवर फुटल्या, चाकू, ब्रश, सगळं खळ्ळकन. "काही नाही!" ते ओरडले. "काही भलं नाही यात! ऐकतेस? मला पुस्तक वाचता येत नाही, मला माझं ताट दिसत नाही, मी संडासात भिंत चाचपत जातो! यात कुणाचं भलं आहे? वाईट आहे हे! नुसतं वाईट! वाईट!" आवाज फाटला. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून घरघर यायला लागली.

मी 'पण'ची वाट बघत होते. मनात आकडे मोजले मी, वीसपर्यंत. 'पण' आलंच नाही.

मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली आणि अजून गेलेली नाही, पण त्या क्षणी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा हलला. माझ्यासाठी जे वाक्य त्यांच्याकडून निघत नव्हतं, ते निघालं होतं. आता फक्त ते धाकटीच्या नावाने हवं होतं. मी फुटक्या काचांत गुडघे टेकले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. थंडगार हात. ते सोडवून घेत नव्हते.

"बरोबर आहे, फादर," मी म्हटलं. "नुसतं वाईट. मी केलं, आणि नुसतं वाईट केलं. तुम्ही म्हणाल ती शिक्षा द्या, बाईंना सांगा, पोलिसांत द्या, मी नाही म्हणणार नाही. पण मग धाकटीचंही तसंच ना? तेही नुसतं वाईटच होतं ना? म्हणा ना, फादर. एकदा म्हणा."

त्यांनी तोंड मिटलं. बाहीने नाक पुसलं. माणूस आयुष्यभर खरं बोलत आला होता, मला खूश करायला खोटं बोलण्यातला नव्हता. त्यांनी विचार केला, चांगला मनापासून विचार केला, कपाळाला आठ्या घालून. आणि मग माझा हात शोधून तो हलकेच थोपटला, पूर्वीसारखाच.

"नाही, पोरी," ते म्हणाले. "ते वेगळं होतं. त्यातून तू झालीस."